कोरी प्रत

मुक्ताई नेवसे यांच्या बाराही पुस्तकांच्या सहीच्या प्रती माझ्याकडे आहेत आणि पुण्यात दुसऱ्या कोणाकडेही पूर्ण बारा नाहीत. हे वाक्य मी दहा वर्षं येईल त्याला ऐकवलं, न विचारता ऐकवलं. माझी बायको कौशल्या पाहुण्यांपुढे चहा ठेवतानाच सांगायची, "बारा पुस्तकं आहेत. चहा आधी पिऊन घ्या, गार होईल."

मुक्ताईंचं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकोणीसशे साठ ते सत्तरच्या दरम्यान त्यांनी लहान मुलांसाठी बारा पुस्तकं लिहिली, प्रत्येक सोळा पानांचं, मध्ये दोन टाचण्या मारलेलं. दुकानात ती फारशी गेलीच नाहीत. वार्षिक बक्षीस समारंभाला बाई स्वतः येत, आणि पुस्तक मिळालेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या पानावर दोन ओळी लिहून सही करून देत. निळी शाई, अक्षर असं की छापलेलंही त्यापुढे फिकं.

मग सहीच्या प्रती इतक्या दुर्मिळ का? त्याचं कारण आपली अब्रू. एक्क्याण्णवनंतर शहरात पैसा खेळू लागला, शनिवार पेठेत वाडे पडून इमारती उठू लागल्या आणि चाळीस चाळीस वर्षं न हललेले माळे एकदम रिकामे झाले. ते सगळं रियाजच्या रद्दीच्या दुकानात येऊन पडायचं. रियाजचे आजोबाही त्याच जागी तागडी घेऊन बसत. तिथे उभं राहून मी रोज पाहायचो. एखादी बाई पिशवी उपडी करणार, एकेक पुस्तक उघडणार आणि पहिलं पान टरकन फाडणार. आपल्या घराण्याचं नाव रद्दीत गेलं असं कोणी म्हणू नये! नाव ज्या पानावर, सहीही त्याच पानावर. माझ्या डोळ्यांदेखत मुक्ताईंच्या किमान पंधरा सह्या तळहातात चुरगळल्या गेल्या. एकदा मी एका बाईंना "अहो, थांबा" म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने जुनी मासिकं चाळायला लागलो.

तरीही काही प्रती पानासकट यायच्या. रियाज त्या बाजूला काढून ठेवायचा. आता माझी खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मला सही हवी होती, नाव नको होतं. पान उघडलं की वर कुठल्यातरी बंड्याचं नाव, त्याला उपदेश, आणि मग सही. आम्हा संग्राहकांत अशा प्रतीला उष्टी प्रत म्हणत. निदान मी म्हणत असे, आणि बाकीचे तिघेचौघे मान डोलवत. ज्या पानावर फक्त सही, ती कोरी प्रत. कोरी प्रत हजारांत एक. मग मी ती घरी करायला लागलो.

मी महाविद्यालयाच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं साहाय्यक होतो. शाई कशाने उडते हे मला कोणी शिकवायला नको. ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, अगदी बारीक ब्रश, खाली टीपकागद. मग व्हिनेगरचा एक हात, मग स्वच्छ पाणी, मग सावलीत वाळवण. सहीला धक्का लागता कामा नये. दोन तासांत वरचं नाव जायचं आणि खाली मुक्ताई एकट्या उरायच्या. मी केलेल्या प्रत्येक कामाची नोंद एका वहीत ठेवली होती, क्रमांक, पुस्तक, काढलेलं नाव, काढलेले डाग. प्रयोगवहीची सवय, दुसरं काय. बारा पुस्तकांच्या बारा उत्तम प्रती ठेवून बाकीच्या मी इतरांशी अदलाबदलीत दिल्या. वहीत एकूण एकेचाळीस नोंदी झाल्या.

रियाजने एकदाच तोंड उघडलं होतं. "काका, नाव गेल्यावर सही कोणाला केली ते कसं कळायचं?"

"तू रद्दी मोज," मी म्हणालो.

दोन हजार पाच साली अमेरिकेत असलेल्या आमच्या मुलीने माझ्या संग्रहाची वेबसाइट केली. बारा मुखपृष्ठांचे फोटो, खाली माझं नाव. मी ती शेजाऱ्यांच्या संगणकावर तीनदा पाहिली. जानेवारीत फोन आला. बोलणारा मुलगा हिंजवडीत एका कंपनीत होता, नाव बुद्धभूषण ओव्हाळ.

"सर, ऑफिसमध्ये सहज सर्च केलं आणि तुमचं पेज मिळालं. आईला लहानपणी त्यातलंच एक पुस्तक मिळालं होतं. गोगलगाईची हजेरी. तिला फक्त बघायचंय. संडेला आलो तर चालेल?"

चालेल काय, मला आनंदच झाला. नवा श्रोता मिळत होता.

रविवारी दोघं दहाच्या ठोक्याला आले. शालनताई पन्नाशीच्या पुढच्या, इस्त्रीची सुती साडी, हातात पेढ्यांचा पुडा. "जय भीम, नमस्कार," त्या म्हणाल्या आणि मी चमकलो. आवाज ओळखीचा होता.

"आपण कुठे भेटलोय का?"

"भेटलो नाही, पण ऐकलं असेल तुम्ही," त्या हसून म्हणाल्या. "स्वारगेटला चौकशीच्या खिडकीत असते. माइकवर गाड्या पुकारते. पंचवीस वर्षं झाली."

खरंच की. कोल्हापूरची गाडी, साताऱ्याची गाडी, फलाट क्रमांक. मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता आणि त्याला तोंड असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मी माझं भाषण सुरू करणार, तेवढ्यात त्यांनीच सांगायला सुरुवात केली. एकोणीसशे चौसष्ट, चौथीचा वर्ग. गोष्टीत गोगलगाय शाळेत पोचते तेव्हा गुरुजींनी हजेरीपट मिटलेला असतो, आणि तिच्यासाठी ते तो पुन्हा उघडतात. ती गोष्ट शालनने सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवली. मुक्ताईंनी तिला पुस्तक दिलं आणि पहिल्या पानावर तिच्यासाठी लिहून दिलं.

"आमचे वडील, अण्णा, भवानी पेठेत हमाल होते," त्या म्हणाल्या. "मार्केट यार्ड तेव्हा झालं नव्हतं, भुसार बाजार तिथंच होता. हळदीची पोती वाहायचे. अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी आले की म्हणायचे, काढ तुझं नाव. मी पान उघडायची. ते माझ्या नावावरनं बोट फिरवायचे. श, शला काना, ल, न. रोज. हात कितीही धुतले तरी बोटाची हळद जात नव्हती, ती पानावर उतरली. माझं नाव पिवळं झालं होतं सगळं. अण्णांना आयुष्यात वाचता आलं ते एवढंच, शालन."

बुद्धभूषण खाली पाहत होता. ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली असणार, तरी तो खाली पाहत होता.

"अण्णांचा फोटो नाही आमच्याकडं. काढलाच नाही कधी. पंच्याण्णवला वस्ती सोडून बिबवेवाडीला फ्लॅट घेतला, तेव्हा भावाने, मच्छिंद्रने, एक ट्रंक रद्दीत दिली. त्यात ते पुस्तक गेलं. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मी रद्दीची दुकानं पालथी घातली. पान मात्र शाबूत असणार, एवढं नक्की. आमच्यात पान फाडायची रीत नाही. नाव कशाला फाडायचं?"

त्या 'हळद' म्हणाल्या तेव्हाच मी प्रत ओळखली होती. ब्लीचिंगचं पाणी लावताच हळद लालभडक झाली होती. तसं व्हायचंच, पण सहीपर्यंत ओघळ जाईल म्हणून मी घाबरलो होतो. शाई उडाली, पण अक्षरांच्या वळणाने उतरलेला डाग पुरता उडेना. शेवटी ती प्रत तीन दिवस गच्चीत उन्हात ठेवली. हळद उन्हाने जाते हे बायकांना पूर्वीपासून माहीत आहे, मला कौशल्याने सांगितलं.

"आणता का पुस्तक?" शालनताई म्हणाल्या. "तीच प्रत असेल असं मी म्हणत नाही. पण असलीच तर मला घेऊन जायचं नाही, तुम्ही संभाळलंय, तुमच्याकडं राहू दे. फक्त एकदा अण्णांचं बोट बघते."

मी कपाटाकडे गेलो. किल्ली लागेना. पाठीमागे चहाचा ट्रे घेऊन कौशल्या येऊन उभी राहिली. त्या चार पावलांत मला खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी पदराला हात पुसले आणि पान उघडलं. पांढरंशुभ्र पान, खाली उजवीकडे सही. त्या सहीकडे त्यांनी पाहिलंच नाही. बोट वर गेलं, नेमकं त्या जागी, आणि थांबलं.

"इथं कागद खरखरीत लागतोय."

"जुना कागद आहे. कसर लागते."

"इथं काही लिहिलेलं होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "मला कोरीच मिळाली."

मग पुस्तक मिटून त्यांनी दोन्ही हातांनी मला परत दिलं. "मग ही माझी नव्हे. पण तुम्ही बाईंची पुस्तकं जपलीत, फार मोठं काम केलंत. आमच्यासारख्यांना जपायला जमलं नाही." एवढं बोलून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला. मी तो घेतलाही.

दोघं गेल्यावर कौशल्या कप उचलायला आली. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच होता.

"तीन दिवस गच्चीत ती वाळत होती," ती म्हणाली. "कावळे येतात म्हणून मी राखण करत बसले होते. लाल झालेलं शालन मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल." तिने पुडा उचलून माझ्यापुढे ठेवला. "खा. तुमच्यासाठीच आणलेत."

पुडा मी तसाच बांधून ठेवला. त्या आठवड्यात मी बारा पुस्तकं रोज काढली आणि रोज ठेवून दिली. पूर्वी ती पानं पाहून बरं वाटायचं. आता प्रत्येक पानावर सहीच्या वरची ती पांढरी जागा तेवढी दिसायची. वही उघडून चौतीस क्रमांकाची नोंद वाचली. अक्षर माझंच, सुबक, एक काना इकडचा तिकडे नाही. मी स्वतःशी नाना युक्तिवाद केले. प्रत मी विकत घेतली होती. मी घेतली नसती तर तिच्या पुड्या झाल्या असत्या. हे सगळं खरं आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. मी त्या बाईंना तोंडावर खोटं सांगितलं होतं आणि त्यांनी माझे आभार मानले होते. मला लाज वाटत होती, चौसष्टाव्या वर्षी, मार खाल्लेल्या पोराला वाटते तशी.

पुढच्या रविवारी पुस्तक आणि वही पिशवीत घालून मी बुद्धभूषणने जाताना दिलेल्या पत्त्यावर, बिबवेवाडीला निघालो. स्वारगेटला बस बदलावी लागते. ध्वनिक्षेपकावर दुसऱ्याच कोणाचा आवाज होता, म्हणजे त्यांची सुट्टी असणार. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मार्केट यार्डावरून बस वळली तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहायचं टाळलं.

दार बुद्धभूषणने उघडलं. "अरे, सर! या ना." शालनताई लसूण सोलत बसल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी बुद्धांची, आणि तिसरा एक खिळा होता, रिकामा. मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी आलं असतं, चहा आला असता, आणि मी पुन्हा पाहुणा झालो असतो.

"ती प्रत तुमचीच आहे," मी म्हणालो. "नाव मी काढलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बुद्धभूषण आधी समजलाच नाही. मग म्हणाला, "काढलं म्हणजे? सर, सीरियसली? इरेझ केलं तुम्ही?"

"भूषण, गप," त्याची आई म्हणाली. त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "कसं काढलं?"

मी सांगितलं. ब्रश, पाणी, टीपकागद, ऊन. सांगताना ते किती सोपं होतं ते मला पहिल्यांदाच कळलं.

"कशासाठी पण?"

'उष्टी' हा रोजचा शब्द जिभेवर आला होता. त्या घरात, त्या तसबिरींखाली, तो उच्चारायची माझी छाती झाली नाही. "आम्हाला फक्त सही हवी असायची," मी म्हणालो आणि वही काढली. "यात नोंद आहे."

"वाचा."

मी चष्मा लावला. "क्रमांक चौतीस. गोगलगाईची हजेरी. नाव, कु. शालन. दोन ओळी मजकूर. डाग, हळद, बोटाचा. सर्व काढले. प्रत कोरी."

"मजकूर काय होता?"

"तो मी उतरवून घेतला नाही."

"मी सांगते. कु. शालन हिस. ही वर्गात सर्वांत मोठ्याने वाचते. तिने असेच वाचावे." त्यांनी ते पाठ असल्यासारखं नाही, समोर दिसत असल्यासारखं म्हटलं. मग विचारलं, "बोटाचा डाग आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो. रेषासुद्धा दिसत होत्या."

"बोट कोणाचं असेल, असं नाही आलं मनात?"

"नाही."

हे उत्तर खरं होतं आणि माझ्या खोट्यापेक्षा वाईट होतं. शालनताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. "नाव घालवलंत त्याचं एक वेळ चालेल," त्या म्हणाल्या. "माझं नाव मी पुन्हा लिहीन. पण माझ्या बापाचं तेवढंच होतं हो."

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला तो वहीसाठी. पहिलं पान उघडलं, चष्मा शोधला, आणि वाचायला लागल्या. मनात नाही, मोठ्याने. "चि. महिपती. कु. जिनत. चि. रतन." स्वारगेटचा तो आवाज, माइकशिवाय. प्रत्येक नाव स्पष्ट, प्रत्येक नावानंतर थोडं थांबून, जणू कोणी उठून येणार आहे. शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. बुद्धभूषणने तिला हाताने थांब म्हटलं. मी ती नावं स्वतःच्या हाताने पुसली होती आणि स्वतःच्या हाताने लिहिली होती, पण ऐकत होतो आज. चौतिसावं नाव आलं. ते त्यांनी इतरांसारखंच वाचलं, जास्त मोठं नाही, आणि थांबून पुढे गेल्या. एकेचाळीस झाल्यावर चष्मा काढला.

"पुस्तक घेऊन जा. कोरी प्रत तुमची," त्या म्हणाल्या. "वही माझ्याकडं राहील."

मी मान हलवली. वहीतलं तेवढं पान मी फाडून देतो असं म्हणणार होतो, पण आठवलं, यांच्यात पान फाडत नाहीत.

"भूषण, पेन दे यांना." वही चौतिसाव्या नोंदीवर उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. "अण्णांचं बोट होतं हे एवढंच आता कुठं लिहिलेलं आहे, आणि ते तुमच्या अक्षरात आहे. खाली सही करा."

चाळीस वर्षं मी लोकांच्या सह्या गोळा केल्या. माझी सही कोणी मागितली नव्हती. मी पेन टेकवलं.

"थांबा," शालनताई म्हणाल्या. "आधी नाव लिहा. नुसती सही कोणाला करता?"

मी लिहिलं, श्रीमती शालन ओव्हाळ यांस. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर वाईट आलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही तशीच उघडी धरून ठेवली.